ओळख चुकवणारी बुरशी

नाशिक जिल्ह्यात बुरशीबद्दल चांगलं बोलणारं माणूस सहसा भेटत नाही. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की पिंपळगावपासून दिंडोरीपर्यंत एकच धास्ती असते, डाऊनी हा रोग येईल का. कोवळ्या फुटीवर पाऊस झाला आणि पानामागे पांढरी लव दिसली, की वर्षभराचा पैसा त्या पानाबरोबर जातो. डाऊनीतून सुटलं तर थंडीत भुरी, आणि अवकाळी पाऊस झाला की करपा. सूर्य उगवायच्या आधी फवारणीचे ब्लोअर सुरू झालेले ऐकू येतात. कृषी सेवा केंद्रात भिंतभर बुरशीनाशकं मांडलेली असतात. त्याच दुकानात अगदी खालच्या फळीवर किलो-किलोची पाकिटं पडून असतात. आत पांढरट पावडर, आणि वर लिहिलेलं असतं की हिच्यात जिवंत बुरशी आहे. ती पैसे देऊन घ्यायची आणि आपल्या हातानं पिकावर फवारायची. बुरशीनं पोळलेल्या माणसाला हे पटणं किती अवघड आहे, ते मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझं सासर येवल्याकडचं. तिकडे द्राक्षापेक्षा कांदा आणि मका जास्त. इगतपुरी-त्र्यंबकला धो धो पाऊस कोसळत असताना येवल्यात ढग नुसते वरून निघून जातात, आणि जे चार शिंतोडे पडतात त्यांच्या भरवशावर मका उभा राहतो. त्या मक्यात २०१८ नंतर अमेरिकन लष्करी अळी आली. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत पोचली होती, २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली, आणि बघता बघता आपल्याकडे पसरली. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. पोंग्यात, म्हणजे मक्याच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, घुसून बसते आणि आतून खाते. वरून पाहिलं तर पानांना भोकं आणि पोंग्यात साचलेला ओलसर भुसा. फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही.

माझ्या धाकट्या दिरांनी एका पावसाळ्यात मला बांधावर बोलावलं. "वहिनी, ही बघा. हिला काय झालं? चुन्यात बुडवून काढल्यासारखी दिसती."

मक्याच्या वरच्या पानाला घट्ट चिकटलेली अळी. पांढरी, ताठ, कोरडी. पुढच्या ओळीत आणखी एक, तिच्यावर फिकट हिरवी पूड चढलेली. बोट लावलं तर पूड बोटाला लागली. मी विचारलं, "भाऊजी, काही मारलंय का याच्यावर?"

"याच्यावर? अजून काहीच नाही मारलं."

विषाणूनं मेलेली अळी मऊ पडते, बहुधा डोकं खाली करून लोंबते आणि हात लावताच फुटून तिचं पाणी होतं. ही कडक होती. ही बुरशी होती, मेटारायझियम रिलेयी. जुन्या पुस्तकांत आणि अजून बऱ्याच पाकिटांवर तिचं नाव नोमुरिया रिलेयी असं असतं. ‘तंबाखूची पानं खाणारी अळी’ म्हणतात ती सोयाबीनवरही पडते, तिला ही बुरशी ढगाळ पावसाळ्यात हटकून लागते, तेव्हा शेतात शेकडो अळ्या अशा पानांवर वाळलेल्या दिसतात. २०१८ मध्ये कर्नाटकात लष्करी अळीची नोंद झाली, त्याच वर्षी तिथल्या मक्यात या बुरशीनं मेलेल्या लष्करी अळ्याही सापडल्या. अळी नवी होती, बुरशी आपल्या शेतात आधीपासूनच होती.

भाऊजींना आनंद झाला तो फुकटात अळी मेल्याचा. मी मात्र त्या दोन अळ्या डबीत घालून नाशिकला आणल्या, कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ती पूड पाहिली, आणि मग वाचत गेले. मला सतावत होता तो प्रश्न असा: अळी काही असहाय नसते. तिच्या अंगात बुरशीला मारण्याची पूर्ण तयारी असते. मग ही आत शिरते कशी, आणि आत शिरून टिकते कशी?

पहिला बंदोबस्त कातडीचा. बाहेरून मेणाचा अगदी पातळ थर, त्याखाली कायटिन हा चिवट पदार्थ आणि प्रथिनं यांच्या एकावर एक चढवलेल्या थरांचं कवच. त्या मेणात अशी काही स्निग्धाम्लं असतात की पुष्कळ बुरशांचे बीजाणू, म्हणजे त्यांचं सूक्ष्म बी, त्यांच्यावर रुजतच नाहीत. रोगाचे विषाणू आणि बहुतेक जिवाणू अळीला लागतात ते तोंडावाटे, तिनं पानाबरोबर खाल्ले तर. बुरशीला अळीच्या खाण्याची वाट पाहावी लागत नाही. ती सरळ कातडी फोडून आत जाते, आणि हे काम ती करते ते फार निगुतीनं.

बीजाणूच्या अंगावर पाण्याला दूर ठेवणारी प्रथिनं असतात. अळीचं मेणही पाण्याला दूर ठेवतं. या एका समान गुणामुळे दोघांचे पृष्ठभाग एकमेकांना धरतात. मेटारायझियमच्या बीजाणूवर तर किड्याच्या कातडीला चिकटण्यासाठीच असलेलं एक प्रथिन सापडलं आहे, आणि झाडाच्या मुळांना चिकटायला दुसरं, वेगळं. चिकटल्यावर बीजाणू रुजायला हवेत भरपूर ओल लागते, नव्वद टक्क्यांच्या आसपास. येवल्याच्या कोरड्या हवेत ती कुठून येणार? पण पोंग्याच्या आत ती असते. ज्या आडोशामुळे अळी औषधापासून वाचते, तिथेच बुरशीला हवी ती ओल टिकून राहते.

बीजाणूला कोंब फुटतो. तो मेणावर थोडा पुढे सरकतो, योग्य जागा सापडली की थांबतो आणि टोकाशी फुगतो. बीजाणूत साठवलेल्या तेलापासून ग्लिसरॉल तयार होतं, त्याच्या ओढीनं पाणी आत येतं आणि त्या फुगीर टोकात दाब चढत जातो. दाबाच्या जोडीला विकरं, म्हणजे एन्झाइम. आधी मेण, मग प्रथिनं, आणि प्रथिनं विरघळून कायटिन उघडं पडल्यावर त्याला विरघळवणारी. हा क्रम बदलून चालत नाही, कारण कायटिन प्रथिनांत लपेटलेलं असतं. हे वाचताना मी थक्क झाले, कारण या जिवाला डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि तरी कोणता थर कधी लागेल याची सगळी तयारी त्याच्यात आहे.

अळीही स्वस्थ बसलेली नसते. जिथे टोचलं जातं तिथली कातडी काळी पडते. ते मेलॅनिन, एक काळं रंगद्रव्य. ते बुरशीला कोंडतं, आणि ते बनत असताना तयार होणारी रसायनं बुरशीला विषारी असतात. बुरशी लागलेल्या अळ्यांच्या अंगावर भिंगाखाली बारीक काळे ठिपके दिसतात ते या झटापटीचे. आणि अळीकडे आणखी एक उपाय आहे, कात टाकणं. बुरशी आरपार जाण्याआधी कात पडली, तर चिकटलेले सगळे बीजाणू त्या कातीबरोबर जातात आणि अळी मोकळी होते. सगळा खेळ वेळेचा. रिलेयीबद्दल जपानी संशोधकांनी रेशमाच्या अळीवर काम केलं, ते २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. कात टाकण्याचा हुकूम देणारं जे संप्रेरक अळीच्या रक्तात असतं, ते ही बुरशी एका विकरानं निकामी करते. मग अळी कात टाकत नाही, कोष करत नाही, तशीच राहते. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. दुसऱ्याच्या शरीरातला वाढीचा हुकूम पुसून टाकणारा जीव आमच्या मक्याच्या पोंग्यात राहतो.

आता आतली गोष्ट. अळीचं रक्त लाल नसतं, हिरवट-पिवळं असतं. शिरांचं जाळं नसतं, सगळे अवयव त्या रक्तात बुडलेले असतात. त्यामुळे आत शिरलेली बुरशी एकदम सगळ्या शरीराला भिडते. पण त्या रक्तात पहारा आहे. काही रक्तपेशी परकी वस्तू गिळतात. वस्तू गिळण्यापलीकडे मोठी असली, तर पुष्कळ पेशी मिळून तिच्याभोवती थरांवर थर चढवतात आणि तो गोळा काळा पडून आतली वस्तू गुदमरते. बुरशीच्या पेशीभित्तीत बीटा ग्लुकॅन नावाची साखरेची लांब साखळी असते. ती किड्याच्या शरीरात कधीच नसते. अळीच्या रक्तात ती हेरणारी प्रथिनं फिरत असतात. ओळख पटली की एका विकरामुळे दुसरं, दुसऱ्यामुळे तिसरं जागं होतं आणि मेलॅनिन तयार व्हायला लागतं. तिकडे चरबीच्या पेशींत बुरशी मारणारी छोटी प्रथिनं बनायला लागतात. या दुसऱ्या हुकुमाची वाट ज्यूल हॉफमन यांच्या गटानं फ्रान्समध्ये १९९६ साली फळमाशीत दाखवली. टोल नावाचं जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीनं पटापट मरत होत्या. पुढे तशाच धाटणीचे ग्राहक, म्हणजे परकं हेरणारे रिसेप्टर, माणसाच्या पेशींवरही सापडले, आणि हॉफमन यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

म्हणजे अळीचा सगळा बंदोबस्त ओळखीवर उभा आहे. ओळख पटली तर तिच्याकडे हत्यारं भरपूर. आणि बुरशीचं सगळं कौशल्य ती ओळख पटू न देण्यात आहे. मला या विषयात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, आणि दुर्दैवानं आपल्याकडे ते कुणी सांगत नाही. "अळीच्या अंगावर बुरशी वाढते आणि अळी मरते" एवढ्यावर माहितीपत्रक संपतं.

रक्तात पोचल्यावर बुरशी रूप बदलते. लांब तंतू वाढवणं सोडून ती सुट्या, छोट्या पेशींमध्ये मोडते आणि रक्ताबरोबर वाहायला लागते. रिलेयीचीच बहीण, मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली, रक्ताला लागल्यापासून २० मिनिटांच्या आत एक प्रथिन बनवायला घेते. २००६ मध्ये चेंगशू वांग आणि रेमंड सेंट लेजर या संशोधकांनी ते प्रसिद्ध केलं. आपल्या शरीरात त्वचा आणि सांधे बांधून ठेवणारं कोलॅजन असतं, त्याच्याशी या प्रथिनाचा एक भाग मिळताजुळता आहे. बुरशी ते अंगावर पांघरते आणि बीटा ग्लुकॅन झाकलं जातं. लग्नाच्या मांडवात शिरलेला अनोळखी माणूस वरपक्षाला वधूकडचा वाटतो आणि वधूपक्षाला वराकडचा, आणि तो पंगतीला बसून जेवून जातो, तसंच हे चालतं. रक्तपेशी शेजारून जातात आणि कुणी थांबवत नाही. ते जनुक काढून टाकलेली बुरशी त्यांनी अळीत सोडून पाहिली, तेव्हा त्याच रक्तपेशी तिच्यावर तुटून पडल्या. पेशी दुबळ्या नव्हत्या. त्यांच्यासमोर ओळखीची खूणच आली नव्हती.

बिव्हेरिया बॅसियाना ही किडे मारणारी दुसरी बुरशी हेच काम जरा वेगळ्या वाटेनं करते. लष्करी अळीच्याच कुळातल्या दुसऱ्या एका स्पोडोप्टेरा अळीवर नव्वदच्या दशकात अमेरिकेत प्रयोग झाले. रक्तात वाहणाऱ्या बिव्हेरियाच्या पेशींवर त्या ओळखू येणाऱ्या साखरा नव्हत्याच. आणि जे बीजाणू रक्तपेशींनी गिळले, ते पोटात जाऊनही मेले नाहीत. काही काळ तिथेच राहिले, मग रुजले आणि त्या पेशी फोडून बाहेर आले.

लपण्याच्या जोडीला गप्प करण्याची रसायनंही आहेत. मेटारायझियमच्या काही जाती डिस्ट्रक्सिन नावाची द्रव्यं सोडतात. त्यांनी अळीचे स्नायू लुळे पडतात, आणि फळमाशीवर दिसलं आहे की बुरशी मारणाऱ्या त्या छोट्या प्रथिनांचं बनणंही कमी होतं. बिव्हेरियाचं ऊस्पोरीन नावाचं द्रव्य लालसर रंगाचं. ते मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला अडवतं, आणि अळी मेल्यावर तिच्या शरीरात जिवाणूंना वाढू देत नाही. म्हणून बुरशीनं मेलेली अळी सडत नाही, वाळते. बुरशीला ते शरीर अजून हवं असतं. त्यातूनच तंतू बाहेर येतात, पिठासारखे बीजाणू धरतात. मरण्याआधी अळी बहुधा झाडाच्या वरच्या भागात गेलेली असते, त्यामुळे वाऱ्यानं आणि पावसाच्या थेंबांनी ते बीजाणू खालच्या पानांवर उतरतात.

या विषयाच्या इतिहासात एक माणूस दोन्ही दारांत उभा आहे, आणि वर्गात हा धडा शिकवताना मी त्याच्यापासूनच सुरुवात करते. इल्या मेचनिकॉव्ह. १८७९ मध्ये ओडेसाजवळच्या गव्हावर पडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर त्यानं हिरवी बुरशी पाहिली, आणि ती वाढवून शेतात वापरता येईल असं सुचवलं. आपण आज जिला मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली म्हणतो ती हीच. तीन वर्षांनी सिसिलीतल्या मेसिना गावी त्यानं तारामाशाच्या पारदर्शक पिलांत काटे टोचले, आणि त्या काट्यांभोवती गोळा होणाऱ्या पेशी पाहिल्या. परकं गिळून टाकणाऱ्या पेशींची कल्पना तिथून आली. १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते त्यासाठी. बुरशीला शेतात धाडायची कल्पना मांडणारा आणि बुरशीला गिळणाऱ्या पेशी दाखवणारा माणूस एकच. बुरशी त्या पेशींच्या हातून सुटते कशी, हे कळायला मात्र पुढची शंभर वर्षं गेली.

त्याच्याही आधी इटलीतल्या लोदीचा अगोस्तिनो बस्सी. रेशमाच्या अळ्या पांढऱ्या पडून चुन्यासारख्या कडक व्हायच्या, त्या रोगामागे एक सूक्ष्म बुरशी आहे हे त्यानं वर्षानुवर्षं खपून सिद्ध केलं आणि १८३५ मध्ये प्रसिद्ध केलं. प्राण्याचा रोग सूक्ष्मजीवामुळे होतो याचा तो पहिला भक्कम पुरावा, पाश्चरच्या आधीचा. बॅसियाना हे नाव त्याच्यावरूनच. येवल्याच्या पैठणीचं रेशीम ज्या अळीचं, तिचा हा वैरी. म्हणून आसपास कुणी तुतीवर रेशीम किडे पाळत असेल, तर तिथे बिव्हेरिया फवारू नये. मक्याच्या अळीवर चालणारी युक्ती रेशमाच्या अळीवरही तशीच चालते.

हे सगळं मी एवढ्या आस्थेनं का वाचत राहिले, त्याला घरातलं एक कारण आहे. माझ्या दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आईनं तिची एक दिली. आईची असली तरी दादाच्या शरीराला ती परकीच. त्याच्या रक्तातल्या पेशींनी तिला ओळखलं असतं आणि मोडून टाकलं असतं. ते होऊ नये म्हणून त्याला सायक्लोस्पोरिन सुरू झालं. रोज ठरलेल्या वेळेला, चुकवायचं नाही. पत्र्यातून कॅप्सूल काढली की एक उग्र वास यायचा, आमच्या घरात तो वास अनेक वर्षं होता. रक्तातलं प्रमाण सारखं तपासायचं. जास्त झालं तर नव्या किडनीलाच त्रास, कमी झालं तर शरीर उलटतं. २०१५ च्या सिंहस्थात सगळं नाशिक गंगेवर लोटलं होतं आणि पंचवटीत वाढलेला दादा घराची दारं लावून बसला होता, कारण गर्दीतली साधी सर्दीही त्याला परवडणारी नव्हती.

सायक्लोस्पोरिन एका बुरशीपासून मिळालं, एवढं मला माहीत होतं. नॉर्वेतल्या हार्दांगरविद्दा पठारावरून १९६९ मध्ये सँडोज कंपनीसाठी मातीचा नमुना आणला गेला, त्यातली ती बुरशी. १९७२ मध्ये तिच्या द्रव्याचा हा गुण लक्षात आला, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत प्रत्यारोपणासाठी मान्यता मिळाली. जे माहीत नव्हतं ते असं: १९९६ मध्ये अमेरिकन संशोधकांना त्याच बुरशीचं दुसरं रूप सापडलं, भुंगेऱ्याच्या मेलेल्या अळीतून उगवलेलं. म्हणजे ती किडे मारणारी बुरशी होती, आमच्या मक्यातल्या बुरशीची दूरची नातलग. मेणकिड्याच्या, म्हणजे मधमाशांच्या पोळ्यात वाढणाऱ्या किड्याच्या, अळीला सायक्लोस्पोरिन टोचून केलेल्या प्रयोगांत तिचा प्रतिकार मंदावलेला दिसतो.

माणसात हे द्रव्य ओळख पुसत नाही. पेशीला परकं कळतं, पण कळल्यावर सुटणारा पुढचा हुकूम अडकतो. त्यामुळे आईची किडनी दादाच्या शरीरात राहिली, त्यानं मुलीचं लग्न पाहिलं, नातवाला मांडीवर घेतलं. अळीच्या रक्तात जी गोष्ट मृत्यू घडवते, तिनंच आमच्या घरात एक आयुष्य लांबवलं. मी देवभोळी नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्या हिरव्या पुडीकडे पाहताना माझ्या मनात कृतज्ञता असते. ती लपवावी असं मला वाटत नाही.

आणि म्हणूनच खालच्या फळीवरच्या पाकिटांचे जे हाल चालले आहेत ते पाहून जीव तुटतो. दुकानात ती ‘जैविक औषध’ म्हणून विकली जाते. औषध म्हटलं की शेतकऱ्याची अपेक्षा ठरलेली असते, संध्याकाळी मारलं की सकाळी अळी खाली पडलेली दिसली पाहिजे. भाऊजींचंही तेच म्हणणं होतं. "वहिनी, चार-सहा दिवस थांबा म्हणतात. तोवर ही बया पोंगा खाऊन मोकळी होती." त्यांचं म्हणणं खोटं नाही. बीजाणूला चिकटायला, रुजायला, कातडी भेदायला वेळ लागतो. मग रक्तात लपत वाढायला वेळ लागतो. मोठी झालेली अळी तोवर खायचं ते खाऊन घेते. म्हणून बुरशी वापरायची तर अळी लहान असताना. लष्करी अळीसाठी कृषी शास्त्रज्ञांची शिफारस आहे ती पेरणीनंतर १५ ते २५ दिवसांत, मेटारायझियम अ‍ॅनिसोप्लीची पावडर लिटरला ५ ग्रॅम, थेट पोंग्यात. त्या पावडरीच्या एका ग्रॅमात १० कोटी बीजाणू असावे लागतात, आणि ते जिवंत असावे लागतात. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेलं पाकीट जुलैत फवारलं, तर शंखजिऱ्याची पूड फवारल्यासारखं होतं. पाकिटावरची तारीख पाहून घ्या, सावलीत ठेवा, आणि ऊन उतरल्यावर फवारा, कारण सूर्याच्या अतिनील किरणांत बीजाणू टिकत नाहीत.

गिरणारे-दिंडोरीच्या टोमॅटोवाल्यांची अडचण वेगळी आहे. तिथे फळ पोखरणारी अळीही आहे आणि करपाही. मजुरी वाचावी म्हणून एकाच टाकीत दोन्ही कालवली जातात, करप्यासाठी बुरशीनाशक आणि अळीसाठी बुरशी. मग टाकीतच बुरशी मरते आणि शेतकरी म्हणतो, जैविकमध्ये काही दम नाही. त्याला बोल लावता येत नाही. विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं की ताम्रयुक्त औषध किंवा मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक तिच्यासोबत नको, दोघांमध्ये काही दिवसांचं अंतर हवं. ज्या जिल्ह्यात वर्षातले कित्येक महिने हवेत बुरशीनाशक असतं, तिथे तर हे ठळक अक्षरांत छापायला हवं. मला तर वाटतं, आपल्या द्राक्षपट्ट्यात शेतात आपोआप असणाऱ्या या बुरशा येवल्याच्या मक्याइतक्या सहज दिसत नाहीत, त्यामागेही फवारण्यांचा हात असावा. हा माझा अंदाज आहे, पण दोन्हीकडच्या शेतांत फिरून आलेला.

बुरशीलाही अंतिम विजय मिळालेला नाही, हेही सांगायला हवं. मेणकिड्याच्या अळ्यांच्या २५ पिढ्या दर पिढीला बिव्हेरियाला तोंड देत वाढवल्या गेल्या. २०१३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात पंचविसाव्या पिढीतल्या अळ्या बिव्हेरियाला बऱ्याच पुरून उरल्या. त्यांनी बळ वाढवलं ते कातडीत, जिथे बुरशी पहिल्यांदा भेटते तिथे. रक्तात ओळख चुकवणाऱ्याला दारातच अडवायचं. गंमत म्हणजे मेटारायझियमसमोर त्या अळ्या पहिल्याइतक्याच कच्च्या होत्या. म्हणजे एकच एक बुरशी दरवर्षी त्याच शेतात मारत राहिलो, तर तिच्याबाबतीतही रासायनिक औषधांसारखी वेळ येऊ शकते. जाती बदलत राहायला हव्यात, आणि शेतात आपसूक येणाऱ्या बुरशीला जागा ठेवायला हवी.

भाऊजींशी या पावसाळ्याचं ठरलं आहे ते असं. अर्ध्या मक्याला अंडीपुंज दिसू लागले की पोंग्यात मेटारायझियम. उरलेल्यातल्या एका पट्ट्यात काहीच मारायचं नाही, रासायनिकही नाही आणि जैविकही नाही. तिथे रिलेयी स्वतःहून किती अळ्या धरते ते मोजायचं. मेलेल्या पांढऱ्या-हिरव्या अळ्या वेचून बांधाबाहेर टाकायच्या नाहीत, हे त्यांनी गड्यालाही बजावलं आहे. मोजणीला माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी येणार आहेत. त्यांच्या जेवणाचं काय करायचं, एवढंच आता सासूबाई विचारत असतात.